मदत हवी आहे: सोलापूरहून विजापूर, बदामी, कलबुर्गी, बिदर, भर मे महिन्यात, कारने, मैत्रिणींच्या घरी राहत

कमान:

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय पण पूर्ण वाचून उत्तर द्या प्लीज, कारण घरात रोज नवीन मत निघतंय आणि मला आता ज्यांनी या रस्त्यांनी खरंच गाडी नेलीये त्यांचं ऐकायचंय.

मी सोलापूरची, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या वर्गात कर्नाटकातल्या मैत्रिणी आहेत, एक विजापूरची, एक गुळेदगुड्डची, एक कलबुर्गीची आणि एक बिदरची. कॉलेज असेपर्यंत या सगळ्या हॉस्टेलवर होत्या आणि सणवार आला की आमच्या घरी जेवायला असायच्या, आईला तर त्यांची आवडनिवड माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आता फायनल जूरी (प्रोजेक्टची शेवटची तोंडी परीक्षा) झाली की सगळ्या पांगणार, कुणी पुणे, कुणी बेंगळुरू, कुणी हैदराबाद, आणि मी त्यांच्यापैकी एकीच्याही घरी आजपर्यंत गेलेली नाही. म्हणून ठरवलंय की जून लागायच्या आत प्रत्येकीच्या घरी जाऊन निवांत राहायचं, आणि ज्या इमारती कॉलेजात नुसत्या प्लॅन आणि सेक्शनमध्ये काढल्या त्या एकदा डोळ्यांनी बघायच्या.

गाडी काकांची वॅगन-आर, पेट्रोल, जुनी आहे पण सर्व्हिसिंग वेळेवर होतं. सोबत आत्याची मुलगी, तिलाही चालवता येतं. मी पंढरपूर, तुळजापूर, बार्शी अशी चालवलीये, त्यापुढे नाही. आईची एकच अट, दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं. ती मला मान्य आहे.

मी काढलेला रूट असा की सोलापूर ते विजापूर, तिथून गुळेदगुड्ड आणि बदामी, मग हंपी, मग हंपीहून वर कलबुर्गी, बिदर आणि हुमनाबाद-नळदुर्गवरून घरी. नकाशावर छान गोल दिसतोय. पण हंपीला आमचं कुणी नाही, तिथे लॉज बघावं लागेल, आणि हंपी ते कलबुर्गी हा पट्टा एका दमात खूप मोठा वाटतोय. हंपी सोडवतही नाही, आर्किटेक्चरच्या मुलीने बदामीपर्यंत जाऊन हंपी न बघता यायचं म्हणजे जीव तुटतो. तर मुख्य प्रश्न हा की हंपी ठेवू का काढू. दुसरं, मे महिन्यात उन्हाचं कसं जमवायचं, आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस म्हणजे रोजचं झालंय पण घरात राहून सोसणं वेगळं आणि दगडी इमारतींत हिंडणं वेगळं. आणि मैत्रिणींच्या घरी काय न्यायचं तेही सांगा, आई म्हणते चादरी ने, माझ्या मनात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आहे.

बसने जा असं कृपया सांगू नका, त्यावर घरात चर्चा होऊन गेलीये.

बाळीवेस:

कुठं हिंडालाय एवढ्या उन्हात! पण जावा, नक्की जावा, हे वय परत येत नाही.

गाडीचं सांगतो, माझं गॅरेज आहे. निघायच्या आधी कूलंट, रेडिएटरचा फॅन आणि होज पाईप बघून घ्या, होज दाबून बघायचा, कडक झाला असेल किंवा चिरा दिसल्या तर बदलूनच टाका, त्याला फार पैसे लागत नाहीत पण रस्त्यात फुटला तर सगळा दिवस जातो. टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना चेक करा, दुपारी टायर तापले की प्रेशर वाढलेलं दिसणारच, ते बघून हवा सोडायची नाही. टेम्परेचरचा लाल लाईट लागला तर गाडी कडेला घेऊन बंद करा आणि बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास गप बसा, गरम रेडिएटरचं झाकण काढायचं नाही म्हंजे नाही. स्टेपनीत हवा आहे का ते बघायचं लोक विसरतेत.

आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन डिजीलॉकरमध्ये असलं तरी चालतंय. प्रायव्हेट गाडीला तिकडं जायला वेगळं परमिट लागत नाही.

लालपरी:

हंपी काढ. आणि का ते सांगतो, नुसतं ऊन म्हणून नाही.

तुझी ही एक ट्रिप नाही, दोन आहेत. विजापूर-बदामी दक्षिणेला, कलबुर्गी-बिदर पूर्वेला, आणि दोन्हींच्या मध्ये सोलापूर आहे. हंपी घातल्यामुळे तुला त्या दोन्ही बळंच जोडाव्या लागतायत. त्यापेक्षा दक्षिणेचा फेरा करून घरी ये, कपडे धू, गाडी एकदा दाखव, आईला भेट, दोन रात्री झोप, आणि मग पूर्वेला नीघ. कलबुर्गी सोलापूरहून अक्कलकोट, वागदरी, आळंद करत एकशेदहा किलोमीटरच्या आसपास आहे, विजापूर शंभर. सकाळी लवकर निघालीस तर दोन्हीकडे ऊन चढायच्या आत मैत्रिणीच्या दारात. विजापूर रोड तर चौपदरी झालाय, टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक. कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांचा त्रासही नाही, हिवाळ्यात तोच सगळ्यात मोठा असतो.

हंपी म्हणजे मोठमोठ्या शिळांमध्ये पसरलेलं अख्खं शहर आहे, सावली कमी, आणि ते पायी किंवा सायकलवर बघायचं असतं. मे मध्ये सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास एवढंच हाताला लागेल. डिसेंबरमध्ये सगळ्या मैत्रिणी मिळून जा. नोकरीला लागलात की भेटायला काहीतरी कारण लागेलच.

तुंगभद्रा:

लालपरी यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मी मे मध्ये हंपी केलंय, पहाटे मातंग टेकडीवर जाऊन सूर्योदय बघितला, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी विठ्ठल मंदिर. गर्दी अजिबात नव्हती, आणि शांतपणे स्केचिंग करायला मिळालं ते डिसेंबरात मिळणार नाही. फक्त मी रेल्वेने होसपेटला गेलो होतो, गाडी चालवायची नव्हती, हे मान्य करतो. दोघी नवीन ड्रायव्हर असाल तर कलबुर्गीचा पट्टा मलाही जास्त वाटतो.

खणाची चोळी:

माझं माहेर बागलकोट. गुळेदगुड्डला जातेयस हे वाचून इतकं बरं वाटलं, बदामीला सगळे जातात आणि वीसेक किलोमीटरवरच्या या गावाला कुणी थांबत नाही. आपल्या आज्या ज्या खणाच्या चोळ्या घालायच्या तो खण तिथला. मैत्रिणीला सांगून एखाद्या घरी हातमाग चालू असताना बघ, वीतभर नक्षी विणताना हात-पाय कसे एका लयीत चालतात ते सोलापूरच्या पॉवरलूम बघितलेल्या मुलीने बघायलाच हवं.

विजापूरहून येताना कोल्हारला कृष्णेवर लांबच लांब पूल लागेल, अलमट्टीचं पाणी. कोल्हारचं दही मातीच्या गाडग्यात मिळतं, थांबून खा, उन्हात त्यासारखं काही नाही.

बदामीच्या लेण्या सकाळी उघडल्या उघडल्या बघायच्या, पायऱ्यांचा दगड नंतर तापतो. चार लेण्या आहेत, तिसरीत घाई करू नकोस, चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा इ.स. 578 चा शिलालेख तिथे आहे त्यामुळे तारीख पक्की माहीत असलेली ती लेणी, आणि छताच्या ब्रॅकेटवरची जोडपी तर मान दुखेपर्यंत बघत राहावीत अशी. हातात खायचं काही ठेवू नको, माकडं सरळ ओढून घेतात. संध्याकाळी खाली अगस्त्य तीर्थाच्या काठाने भूतनाथ मंदिराकडे चालत जा.

पट्टदकल दुसऱ्या दिवशी. तुला तर तिथे एकाच आवारात नागर (उत्तरेकडच्या धाटणीची) आणि द्राविड (दक्षिणेकडची) शिखरं शेजारी शेजारी मिळतील, पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत असतात ती. विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने बांधून घेतलं, नवऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरच्या विजयासाठी. ऐहोळेला दुर्ग मंदिराची मागची गोल बाजू सगळे बघतात, पण टेकडीवरच्या मेगुती मंदिरापर्यंत चढ. 634 चा रविकीर्तीचा शिलालेख तिथे आहे, चालुक्य राजा पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला हरवल्याचा, आणि त्यातच तीन महाराष्ट्रकांचा आणि नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख येतो. मराठी माणसाने तो उन्हातही चढून बघावा, फक्त सकाळी.

आणि शेंगाची चटणी नेऊ नकोस गं, आमच्याकडे प्रत्येक घरात शेंगा हिंडी असतेच, कडक भाकरी पण असते. सोलापूरचे टर्किश टॉवेल ने, मे मध्ये चादर कोण घेणार, टॉवेल सगळ्यांना लागतात आणि गाडीत कुठेही मावतात.

कमान:

ताई, मेगुतीचं मला माहीतच नव्हतं, ते पक्कं. टॉवेलची आयडिया आईलाही पटली.

लालपरी काका, तुमचा दोन फेऱ्यांचा मुद्दा वाचून मी नकाशा परत उघडून बसले. हंपी जोडण्यासाठी मी मैत्रिणींच्या घरचे मुक्काम एकेक रात्रीवर आणले होते, आणि मला तर त्यांच्याकडे निवांत बसायचंय, त्यांच्या आजीशी बोलायचंय, सकाळी त्यांच्या अंगणात चहा प्यायचाय. ते कमी करून अजून एक ठिकाण बघण्यात मला आनंद नाही. म्हणून हंपी डिसेंबरला, सगळ्यांनी मिळून. ग्रुपवर टाकलं तर सगळ्या लगेच हो म्हणाल्या.

आता विजापूरचं सांगा. गोल घुमट आम्हाला डिटेलमध्ये होता, आतली बाजू साधारण 41 मीटरचा चौरस, मध्ये एकही खांब नाही, आणि आठ कमानी एकमेकींना छेदत चौरसावरून गोलाकडे जातात. ते मी कितीदा काढलंय. पण ते खालून नीट दिसतं का गॅलरीतून?

भीमाकाठ:

दोन्हीकडून, पण आधी खालून. मधोमध उभी राहून वर बघ, कमानी कशा गुंफल्यात ते तिथून कळतं, गॅलरीत गेलीस की त्या तुझ्या पायाखाली जातात. मग कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या जिन्याने वर. अगदी सकाळी जा, उघडायच्या वेळेला दारात हजर राहा, कारण शाळांच्या सहली आणि कुटुंबं आली की गॅलरीत नुसता आरडाओरडा असतो आणि मग ना प्रतिध्वनी कळतो ना कुजबुज. शांत असताना एकीने भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं आणि दुसरीने समोरच्या बाजूला कान लावायचा.

समोरचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, बदामी-ऐहोळेचंही तसंच, त्यामुळे शुक्रवार टाळ. चपला बाहेर काढाव्या लागतात तिथे दुपारी पाय भाजतात, जाडसर सुती मोजे जवळ ठेवा.

इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर, संध्याकाळी. मला विचारशील तर गोल घुमटापेक्षा तो जास्त आवडतो, घुमट भव्य आहे पण रोजा सुंदर आहे. दगडात कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्यांतून उजेड आत येतो. आणि मुलूख-ए-मैदान तोफ बघताना लक्षात ठेव, ती ओतली आपल्या अहमदनगरात, 1549 साली, निजामशाहीत, आणि वजन पंचावन्न टनांच्या आसपास. तेवढं धूड तिथून इथे आणलं.

परतताना आलेल्या रस्त्याने येऊ नको, ऐहोळेहून कूडलसंगमाला जा, कृष्णा-मलप्रभेचा संगम, बसवेश्वरांची समाधी आहे, आणि तिथून बसवन बागेवाडीवरून विजापूर, ते बसवेश्वरांचं जन्मगाव. दुसऱ्या फेऱ्यात बिदरहून येताना बसवकल्याणला थांबलीस की त्यांची कर्मभूमी. आपले सिद्धरामेश्वर वचनकार संत अल्लमप्रभूंबरोबर त्याच कल्याणला गेले होते. सोलापूरच्या पोरीने सिद्धेश्वरांच्या तळ्याकाठून निघून कल्याण बघून यावं, असं मला मनापासून वाटतं.

कमान:

हे वाचून आजोबा म्हणाले मलाही कल्याणला घेऊन चल. ते ऐंशीच्या पुढे आहेत, उन्हात लांबचं झेपणार नाही, पण विचार चालू आहे.

आता पूर्वेकडचं. कलबुर्गीत किल्ल्यातली जामा मशीद बघायचीच आहे, 1367 ची, अंगण न ठेवता सगळीच्या सगळी छताखाली घेतलेली, आणि त्या बुटक्या रुंद कमानी. बिदरला बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा. यापलीकडे काय?

नौबाद:

बिदरकर, नोकरीमुळे पुण्यात. मदरसा 1472 चा, दारूगोळ्याच्या स्फोटात पुढची एक बाजू उडाली, पण जो एक मिनार उरलाय त्यावरच्या टाइल्स अजून निळ्या-हिरव्या चमकतात, सकाळच्या उन्हात बघ. किल्ल्यात रंगीन महालाला बऱ्याचदा कुलूप असतं, म्युझियमच्या ऑफिसात नम्रपणे विचारलं तर उघडून दाखवतात. काळ्या दगडात शिंपले बसवलेत, त्यासाठी विचाराच. अष्टूरचे मकबरे (बहमनी सुलतानांच्या कबरी) गावाबाहेर आहेत, संध्याकाळी जा.

बिदरी काम करणाऱ्यांच्या गल्लीत मैत्रिणीला घेऊन जा. जस्त आणि थोडं तांबं, त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी नवसागर घालून किल्ल्यातली माती उकळून त्यात भांडं बुडवलं की जस्त काळं पडतं आणि चांदी तशीच राहते. कारागीर बसवून दाखवतात, काही विकत नाही घेतलं तरी, पण छोटं काहीतरी घ्या, त्यांचे दिवस कष्टाचे आहेत.

बिदर पठारावर आहे, कलबुर्गीपेक्षा हवा बरी. पण संध्याकाळी वळीव येतो, विजा पडायला लागल्या की झाडाखाली गाडी लावून थांबू नका.

लालपरी:

आणि आजोबांसाठी उपाय आहे. दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटच्या दिवशी तुझे बाबा किंवा काका त्यांना घेऊन सकाळी सोलापूरहून हैदराबाद रोडने निघू देत, नळदुर्ग, उमरगा करत दोन-अडीच तासांत कल्याण. तुम्ही बिदरहून हुमनाबादवरून या. दुपारचं ऊन तिथेच कुठेतरी सावलीला काढा आणि चार वाजता दोन्ही गाड्या मिळून परत फिरा, म्हणजे दिवस मावळायच्या आत घरी यायची आईची अटही पाळली जाते. नळदुर्गला उतरायचं का ते तेव्हा बघा, मे मध्ये नर-मादी धबधब्यांना पाणी नसतं, पण दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बांध आणि त्याच्या पोटातला पाणी महाल कोरड्या दिवसांतही बघता येतो.

कमान:

काका, हे जमतंय! बाबांना रविवार मोकळा आहे. मग दुसरा फेरा बुधवारी सुरू करते, म्हणजे शुक्रवारी कलबुर्गी-बिदर प्रवासात जाईल आणि म्युझियम बुडणार नाही. नौबाद दादा, शनिवारी किल्ला सकाळी धरला तर बिदरी गल्ली दुपारनंतर उघडी असते का, तेवढं सांगा. आणि बसवकल्याणला ऐंशीच्या पुढच्या माणसाला जिने न चढता काय काय बघता येईल, कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर प्लीज लिहा, आजोबा रोज विचारतायत.