मदत हवी आहे: ४ जीबीच्या लॅपटॉपवर बॅकएंड कसं शिकवावं?

नमस्कार नागपूरकर मंडळी. करिअर बदलून आयटीत येणाऱ्या महिलांची कोडिंग बॅच चालू आहे. कुणी शाळेत शिकवायच्या, कुणी दुकानांची टॅली सांभाळायच्या. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, गिट झालं. गाडी अडलीय ती बॅकएंडवर (वेबसाइटची पडद्यामागची बाजू: सर्व्हर, डेटाबेस वगैरे).

लॅपटॉप बहुतेक घरचे जुने, रॅम ४ जीबी. इंटेलिजे (जावाचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर), मायएसक्यूएल वर्कबेंच (डेटाबेस हाताळायचं) आणि क्रोम एकदम उघडलं की रॅम भरते, विंडोज रॅममधला डेटा हार्डडिस्कवर हलवू (स्वॅप करू) लागतं आणि टाइप केलेलं अक्षरही उशिरा उमटतं. म्हणून सध्या व्हीएस कोड (हलका कोड एडिटर), पायथन, फ्लास्क (पायथनचं छोटं वेब फ्रेमवर्क) आणि एसक्यूलाइट डेटाबेस ठरवलंय. एसक्यूलाइटला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एकाच फाइलीत. प्रोजेक्ट म्हणून उधारीची वही: ग्राहक आणि व्यवहार अशी दोन टेबलं. टॅलीवाल्या तायांना तिथे जॉइन (दोन टेबलांतल्या नोंदी जोडणं) समजवावाच लागत नाही!



आता विचारायचं ते असं. मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कात मुलाखती घेणारे कुणी असाल तर सांगा, फ्लास्क येणाऱ्या उमेदवाराला जावा येत नाही म्हणून बाजूला काढता का? की एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि लॉजिक पक्कं असलं की भागतं? आणि सीताबर्डीकडे जुन्या लॅपटॉपला साटा एसएसडी बसवून, विंडोजसकट जुनी डिस्क जशीच्या तशी कॉपी (क्लोन) करून देणारा भरवशाचा माणूस कोण?