खाऱ्या पाण्याच्या टाकीत ॲप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, दंश करणारा प्राणी) माजले आहे. खरवडल्यावर संख्या वाढली, आता काय करावे?

ओलीवाळू (पुणे) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. माझ्या घरी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी गेली दोन वर्षे चालू असून तिच्यात साधारण १९० लिटर पाणी मावते. क्लाउनफिशची एक जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, एक लेदर कोरल, थोडे मशरूम कोरल आणि झोअँथिडच्या (प्रवाळांच्या नात्यातले, फुलांसारखे दिसणारे छोटे प्राणी) पाच रंगांच्या वसाहती एवढाच माझा संसार आहे. तापमान २६ अंश, सापेक्ष घनता १.०२५ आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८.५ डीकेएच ही मापे दर आठवड्याला वहीत नोंदवतो. नायट्रेट मात्र काही केल्या २५ पीपीएमच्या (दहा लाखांत २५ भाग) खाली येत नाही.

चार महिन्यांपूर्वी आणलेल्या झोअँथिडच्या एका फ्रॅगच्या (वसाहतीतून कापून विकलेल्या तुकड्याच्या) बुडाशी तपकिरी, जवळजवळ आरपार दिसणारे, तिळाएवढे एक समुद्रफूल होते. फ्रॅगवर एक फूल फुकट आले म्हणून मी कौतुकाने त्याचे फोटो काढून नातेवाइकांनाही पाठवले, हे आता लिहितानाही संकोच वाटतो. दोन महिन्यांत त्याची बारा झाली, तेव्हा मी पाते घेऊन ती सगळी मन लावून खरवडली. तीन आठवड्यांनी मोजली तर चाळीसच्या वर भरली, आणि त्यांच्या शेजारच्या झोअँथिडनी तोंडे मिटून घेतली आहेत. दुकानदार म्हणतात की टाकीतले दगड बाहेर काढून सरळ उकळावेत. एका मित्राने लिंबाचा रस टोचायला सांगितले. टाकी मोडून पुन्हा उभारण्याची माझी तयारी नाही, म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया मार्ग सुचवावा.

खारफुटी (ठाणे) यांचा प्रतिसाद:

दगड उकळण्याचा विचार आजच्या आज सोडून द्यावा. झोअँथिड आणि त्यांचे भाऊबंद असलेले पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते; हवाई बेटांवरील पॅलिथोआतून ते १९७१ साली वेगळे करण्यात आले. असा दगड उकळला, किंवा त्यावर नुसते उकळते पाणी ओतले, तरी हे विष वाफेबरोबर घरभर पसरते, आणि अशा उद्योगापायी घरातल्या सगळ्यांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना परदेशात एकाहून अधिक वेळा घडल्या आहेत. हे दगड हाताळतानाही हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि हातावर जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नये.

आता खरवडल्यावर संख्या का वाढली ते पाहू. ॲप्टेशिया दगडाला चिकटते ते बुडाच्या चकतीने, आणि या चकतीचा दगडावर राहिलेला बारीकसा तुकडाही नवे समुद्रफूल उगवायला पुरतो. कोणी हात लावला नाही तरी ते दगडावरून सरकताना मागे असे कण सोडतच जाते. आपण पात्याने त्याचेच काम हलके केलेत. शिवाय धक्का लागताच ते अंगातून पांढरे, दंशपेशींनी भरलेले धागे बाहेर फेकते; शेजारचे झोअँथिड मिटण्यामागे तेही एक कारण असावे.

आपल्यासारख्या टाकीत मी चुन्यापासून सुरुवात करीन. पानाला लावतो तो चुना रासायनिकदृष्ट्या हाच, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. परंतु टपरीवरच्या डबीत आणखी काय कालवले आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाची पूड घ्यावी. चुन्याची निवळी टाकीत थेंबथेंब सोडणाऱ्यांकडे ती असतेच. चमचाभर पुडीत आरओचे पाणी थोडे थोडे घालून चक्क्यापेक्षा सैल आणि दह्यापेक्षा घट्ट असा लेप करावा आणि तो एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये जाड सुईने भरावा. इन्शुलिनच्या बारीक सुईत गुठळी अडकते आणि मग जोर लावताना लेप भलतीकडे उडतो. वेव्हमेकर (टाकीत लाटा उठवणारा छोटा पंप) आणि मुख्य पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे. सुई वरून, अगदी सावकाश, सावली पडणार नाही अशी न्यावी. समुद्रफुलाला हालचाल जाणवली की ते क्षणात बिळात शिरते आणि तो दिवस फुकट जातो. लेप तोंडाच्या चकतीवर अलगद सोडला की बहुधा ते अन्न समजून तो आत ओढून घेते. ते आकसल्यावर राहिलेला लेप त्याच्यावर पसरून बीळच लिंपून टाकावे. पंधरा मिनिटांनी पंप चालू करावेत. दरम्यान क्लाउनफिश नको इतके कुतूहल दाखवतात, त्यांना हाताने दूर ठेवावे.

चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच साधारण १२.४ असतो, त्यामुळे आपल्या टाकीत एका दिवशी चार-पाचपेक्षा जास्त समुद्रफुलांना हात घालू नये आणि दुसऱ्या दिवशी पीएच व अल्कलिनिटी मोजल्याशिवाय पुढची फेरी करू नये. झोअँथिडला चिकटून जे उगवले आहे त्यावर चुना घालू नये, कारण तो लेप दोघांतला फरक ओळखत नाही. लिंबाच्या रसाबद्दल एवढेच सांगतो की मी तो वापरून पाहिला आहे. रस पातळ असल्यामुळे तोंडातून परत बाहेर येतो आणि पाण्यात पांगतो. लहान फुले मेली, मोठी आठवड्याभरात पुन्हा टवटवीत झाली.

शिंपले_आणि_शंख (मुंबई) यांचा प्रतिसाद:

चाळीसपैकी अर्धी तरी दगडाच्या मागे असणार आणि तिथे सिरिंज पोहोचत नाही, म्हणून चुन्याच्या जोडीला पेपरमिंट कोळंबी ठेवावी असे माझे मत आहे. मात्र या कोळंबीने मला चांगलाच धडा दिला आहे. मी पहिल्यांदा चार आणल्या, तेव्हा दुकानदाराने पेपरमिंट म्हणून कॅमल कोळंबी हाती दिली. ॲप्टेशियाकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही, आणि पंधरा दिवसांत माझ्या हिरव्या झोअँथिडची अर्धी वसाहत फस्त केली. दोघींतला फरक पिशवीतही दिसतो: पेपरमिंटचे अंग जवळजवळ पारदर्शक असून त्यावर लाल रेषा असतात आणि पांढरा रंग नसतो, कॅमलच्या लाल रंगात ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके असतात, पाठीला कुबड असते आणि डोळे मोठे असतात. पैसे देण्यापूर्वी पिशवी उजेडासमोर धरावी.

खरी पेपरमिंट मिळाली तरी ती काम करीलच याची खात्री नाही. या नावाखाली लायस्माटा वंशातल्या निरनिराळ्या जाती विकल्या जातात आणि सगळ्यांची खोड सारखी नसते. माझ्याकडच्या तिघींनी बोटाच्या पेरापेक्षा लहान असलेली सगळी समुद्रफुले खाल्ली, मोठ्यांच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. मोठी मी खारफुटी यांच्यासारखीच चुन्याने मारली. रात्री दिवे गेल्यावर त्या बाहेर पडतात, म्हणून संध्याकाळी माशांना घातलेले अन्न तळाशी साचू देऊ नये. पोट भरलेली कोळंबी ॲप्टेशिया शोधत फिरत नाही. टाकीत पूर्वी कधी तांब्याचे औषध वापरले असेल तर मात्र कोळंबी आणू नये, कारण तांब्याचा अंशही तिला मारतो.

दर्यापार (न्यू जर्सी) यांचा प्रतिसाद:

आमच्याकडे बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय घरगुती पैदाशीतून मिळते, आणि सहा फुटी टाकीत मला शेवटी तिचाच उपयोग झाला. बर्गिया स्टेफनीए ही जात फ्लोरिडाकडची असून ती ॲप्टेशियाशिवाय दुसरे काहीच खात नाही, त्यामुळे प्रवाळांना तिच्यापासून धोका नाही. पाठीवर राखट-पांढऱ्या बोटांची झालर, लांबी फार तर दोन-अडीच सेंटिमीटर, आणि वावर रात्रीचा. ॲप्टेशियाच्या दंशपेशी ती पचवत नाही, तर पाठीवरच्या त्या बोटांच्या टोकांत साठवून स्वतःच्या संरक्षणासाठी वापरते. तिच्या अंड्यांची पांढरी मळसूत्री माळ काचेवर दिसली की समजावे, टाकी तिला मानवली आहे.

अडचणी दोन. ती सावकाश काम करते. मला पहिले तीन महिने काहीच फरक दिसला नाही आणि पैसे पाण्यात गेले असे मी घरी बोलूनही बसलो होतो. दुसरे म्हणजे पेपरमिंट कोळंबी आणि बरेचसे रॅस (wrasse) जातीचे मासे तिला खातात, त्यामुळे कोळंबी आणि बर्गिया असे दोन्ही उपाय एकाच टाकीत करू नयेत. कॉपरबँड बटरफ्लाय हा मासाही ॲप्टेशिया खातो. परंतु तो वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि नव्या टाकीत अनेकदा अन्नच घेत नाही, तेव्हा १९० लिटरमध्ये त्याला कोंडण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये.

ओहोटी (रत्नागिरी) यांचा प्रतिसाद:

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रयोगशाळेत हेच ॲप्टेशिया आम्ही मुद्दाम वाढवतो, म्हणून हा धागा वाचताना थोडे हसू आले, त्याबद्दल क्षमस्व. प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारी शैवाले यांचे नाते अभ्यासण्यासाठी हा प्राणी जगभर वापरला जातो आणि त्याचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या गुणांमुळे तो तुम्हाला नकोसा झाला आहे, त्याच गुणांमुळे तो आम्हाला हवा असतो. दिवे बंद ठेवून त्याला मारता येईल असे कोणी सुचवले तर लक्ष देऊ नये: अंधारात त्याची शैवाले जातात, तो पांढरा पडतो, पण अन्न मिळत राहिले तर जिवंत राहतो, तोवर तुमचे झोअँथिड मात्र मरतील.

या ‘अन्न मिळत राहिले तर’कडे ओलीवाळू यांनी पाहावे. २५ पीपीएम नायट्रेट म्हणजे टाकीत बहुधा खाण्यापेक्षा जास्त पडते आहे. मासे दोन मिनिटांत जेवढे संपवतील तेवढेच घालावे आणि गोठवलेले अन्न वितळल्यावर गाळून, त्याचे पाणी टाकून द्यावे. तसेच सगळी चाळीस फुले ॲप्टेशियाच आहेत ना, हे भिंगाने तपासावे. ॲप्टेशियाचा देठ लांब आणि शुंडके (तोंडाभोवतीची बोटांसारखी अंगे) टोकदार असतात; देठ आखूड, रंग हिरवट आणि शुंडकांची टोके फुगीर दिसली तर ते मजानो हे दुसऱ्या जातीचे उपद्रवी समुद्रफूल आहे. मजानोला बर्गिया तोंड लावत नाही आणि कोळंबीही सहसा खात नाही. त्याला चुनाच घालावा लागतो.

थोडे विषयाबाहेरचे: जुने दगड फेकून मालवणच्या किनाऱ्यावरून नवे आणावेत असा सल्ला मी अन्यत्र वाचला आहे. टणक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, तेव्हा त्या वाटेला कोणी जाऊ नये.

ओलीवाळू (पुणे), सात आठवड्यांनी:

सर्वांचे मनापासून आभार. भिंगाने पाहिल्यावर तीन मजानो निघाले, बाकी सगळे ॲप्टेशिया. दर रविवारी चार याप्रमाणे समोरची मोठी फुले चुन्याने लिंपली; दोन फेऱ्यांत लेप फार सैल झाला आणि लेदर कोरलच्या कडेला पांढरा डाग पडला, तो आता भरून येत आहे. खऱ्या पेपरमिंट कोळंबी शोधायला पाच दुकाने फिरावी लागली. पहिले दहा दिवस त्या दिसल्याच नाहीत. मग एका रात्री लाल बॅटरी लावून पाहिले, तर दगडाच्या मागच्या बाजूला एकीने लहानसे समुद्रफूल दोन्ही पायांत धरून शेवया ओढाव्यात तसे एकेक शुंडक ओढून खाणे चालवले होते. आज दर्शनी भागात एकही नाही, झोअँथिड उघडले आहेत आणि नायट्रेट १२ वर आले आहे. मात्र संपातल्या (टाकीला जोडलेल्या, पाणी गाळण्याच्या कुंडातल्या) परतीच्या पंपावर आठ-दहा फुले आहेत आणि कोळंबी तिथे जाऊ शकत नाही. त्यांचे काय करावे?

खारफुटी (ठाणे):

पंपावर झोअँथिड नाहीत, म्हणून काम सोपे आहे. पंप संपातून पूर्ण बाहेर काढावा, सुटा करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा आणि सकाळी गोड्या पाण्याखाली ब्रशने घासावा. घासणे मोरीतच करावे, टाकीवर वाकून नव्हे. तेवढ्या रात्रीपुरता टाकीत वेव्हमेकर चालू ठेवावा, म्हणजे माशांना प्राणवायू कमी पडणार नाही.