दाबाने बर्फ वितळतो, पण किती?

हिमनदी स्वतःच्या वजनाच्या दाबाने तळाशी वितळते व म्हणून घसरते, हे नेहमी सांगितले जाणारे कारण खोटे नाही, परंतु अपुरे आहे. एक वातावरण (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी उतरतो. म्हणजे १ किलोमीटर जाडीच्या बर्फाखालीसुद्धा पुरता एक अंश भरत नाही. अतिथंड हिमनद्यांचा तळ तर खडकाला गोठलेलाच असतो, आणि तरीही त्या वाहतात, कारण बर्फ आतून विरूपित होतो, म्हणजे न वितळता हळूहळू आकार बदलतो: ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५० च्या दशकात दाखविल्याप्रमाणे ताण दुप्पट झाला, तर विरूपणाचा वेग साधारण आठपट होतो.

दाबाला मिळणारे हे अवाजवी श्रेय जुनेच आहे. इंदुरात उन्हाळ्यात उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटाखाली नुसते शेजारी ठेवलेले बर्फाचे तुकडे असे सांधतात, की रसवाल्याला ते ठोकूनच सोडवावे लागतात. तेथे दाब असा कितीसा असणार? इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच याचे कारण बर्फाच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या पातळ थरात शोधले होते, आणि तो थर गोठणबिंदूच्या किंचित खालीही टिकतो.