मांडावरच्या मंडपाला सिमेंटचा गिलावा नको

शिगम्याच्या (कोकण-गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) मांडाशेजारी, म्हणजे सणाचे खेळ-नाच होतात त्या जागेशेजारी, बांधायच्या मंडपासाठी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) अर्ध्या भिंती आणि वर सिमेंटचा गिलावा, असा बेत तुम्ही मांडला आहे. चिरे उत्तमच, पण गिलावा कृपया चुन्याचा करा. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर ओढतो. सिमेंट ती बाहेर जाऊ देत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पोकळ वाजू लागतो आणि पापुद्रे सुटतात.

कळीचा चुना (भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला) पाण्यात विरवून निदान महिनाभर पाण्याखालीच मुरू द्या. न विरलेले खडे राहिले तर ते नंतर भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला खळगे पडतात, म्हणून गाळून घ्या. प्रमाण: १ भाग चुना, १ भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), २ भाग वाळू. सुरखी टाळू नका, आपल्या दमट हवेत नुसता चुना लवकर धरत नाही. वाळू नदीची, किनाऱ्यावरच्या वाळूतलं मीठ पांढरं होऊन भिंतीवर फुलतं. भिंत आधी भिजवा, नाहीतर कोरडा चिरा चुन्यातलं पाणी शोषतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. एक थर १० ते १२ मिलिमीटरचा, त्यावर आठवडाभर ओली गोणपाटं. हे काम मार्चअखेर संपायलाच हवं.

जोतं किमान ४५ सेंटिमीटर ठेवा. मंगळुरी कौलांना ३० अंशांचा उतार द्या आणि वाशे भिंतीबाहेर पाऊण मीटर काढा, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. छप्पर आखूड राहिलं तर चांगला चुनाही टिकत नाही.