आमवात आटोक्यात आहे, तर रोज किती चालायचं? घरकाम व्यायामात धरायचं का?

केवडा
आई, वय ५८. चार वर्षांपासून रुमॅटॉइड आमवात. दर रविवारी मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी घेते, सूज बरीच आटोक्यात आहे. सकाळी बोटं अर्धा तास आखडलेली असतात. घड्याळात रोज साडेपाच हजार पावलं पडतात, पण जवळजवळ सगळी घरातलीच. तिचं म्हणणं, "दिवसभर पायावरच असते, वेगळा व्यायाम कशाला? सांधे आणखी झिजतील." डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण किती आणि कसं ते कळलं नाही.

पारिजातक
घरकाम बैठेपणा मोडतं, हे चांगलंच. पण ओटा ते फ्रिज अशा फेऱ्यांनी हृदयाला फारसं काम पडत नाही, आणि आमवातात हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो. पावलांचा आकडा वेग सांगत नाही. योग्य वेगाची खूण अशी: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं प्रमाण आठवड्याला अशी १५० ते ३०० मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम असं आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की निरोगी माणसांसाठीचं प्रमाण सांध्यांचा दाह असणाऱ्यांनाही लागू होतं, फक्त ते प्रत्येकाला बेतून घ्यायचं. सलग दहा मिनिटांची जुनी अटही आता नाही, पाच-पाच मिनिटं जोडली तरी चालतात.

सुरुवात रोज १० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. उठल्याउठल्या नको, गरम पाण्याने अंघोळ करून आखडलेपणा सुटला की निघावं. बूट पुढून रुंद हवेत. बोटांनी धरून ठेवावी लागणारी चप्पल नको, त्याने चवड्याचे सांधे दुखतात.

ताम्हण
नुसतं चालून पुरणार नाही. दाहामुळे स्नायू झडतात, स्टेरॉइड चालू असेल तर आणखीच. मांड्या कमजोर झाल्या की गुडघ्यावर भार येतो.

साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, न हलणारी खुर्ची घ्या. हात छातीवर, ८ वेळा उठबस, दोन मिनिटं थांबून पुन्हा ८. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सुट्टी. जमत नसेल तर खाली उशी ठेवून बैठक उंच करा. सलग १२ सहज झाल्या की पाठीवरच्या पिशवीत एक किलो वजन. हातात डंबेल नको, पकडीने बोटं दुखतात.

कडक रबरी चेंडू दाबायला देणारे बरेच भेटतात, त्याबद्दल कळकळीने सांगते: बोटांच्या मुळाशी सूज असताना तो देऊ नका. घट्ट पकडीचा जोर बोटांना करंगळीकडे ओढतो. त्याऐवजी तळहात टेबलावर पालथा ठेवून एकेक बोट अंगठ्याकडे सरकवायचं, प्रत्येक हाताने पाच वेळा. कपडे पिळतानाही नळाला वेढा देऊन ओढायचे, मनगट मुरगाळायचं नाही.

गुलमोहर
झिजेच्या भीतीचं उत्तर दोन्ही प्रतिसादांत राहिलं. नेदरलँड्समध्ये आमवाताच्या रुग्णांना दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा सव्वा तास बऱ्यापैकी जोरकस व्यायाम दिला. निष्कर्ष २००३ मध्ये आले. ताकद वाढली, दाह वाढला नाही. मात्र ज्यांचे गुडघा-खांद्यासारखे मोठे सांधे आधीच बरेच खराब होते, त्यांच्यात झीज थोडी जास्त दिसली. म्हणून मोठ्या सांध्यांचे एक्स-रे डॉक्टरांना दाखवून मग जोर वाढवा. गुडघा खराब असेल तर स्थिर सायकल बरी.

व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं पाहिजे. नाही उतरलं, किंवा दुसऱ्या सकाळी सूज वाढली, तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद नको. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर त्यावर भार टाकू नका. दिवसातून दोनदा सावकाश हलवा, आणि तो न हलवता भोवतीचा स्नायू सहा सेकंद आवळून सोडा, दहा वेळा. बाकी शरीराचा व्यायाम चालूच ठेवा.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको. आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात. मान वाकवताना विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं किंवा हातांना मुंग्या आल्या, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे.

केवडा
खूप उपयोग झाला. गोळीनंतर सोमवारी ती गळून जाते, त्या दिवशी काय?

ताम्हण
सोमवारी ताकदीचं काही ठेवू नका. पाच-पाच मिनिटांच्या दोन-तीन सावकाश फेऱ्या पुरेत. उठबस मंगळवार, गुरुवार, शनिवारी. थकवा बुधवारपर्यंत टिकत असेल तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनाने कमी करू नका.