माईकशिवाय टेनर ऐकू कसा येतो? आणि ‘नेस्सुन दोर्मा’चा शेवट

काळी_चार
नाट्यपदं गाते, सध्या ऑपेराच्या आरिया, म्हणजे त्यातली एकल गाणी, ऐकते आहे. साठ-सत्तर वाद्यांवरून टेनरचा, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा, एकटा गळा माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो कसा? आणि पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरातली ‘नेस्सुन दोर्मा’ (‘कुणीही झोपू नये’) मैफलीत दणक्यात संपते, पण अख्ख्या ऑपेरात तिथे टाळ्यांना जागाच नाही. असं का?

स्वरयंत्र
जोर लावून नाही पोचत. वाद्यवृंदाची ताकद ५०० हर्ट्‌झच्या आसपास एकवटलेली असते आणि वर जावं तशी घटते. तयारीच्या पुरुष गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्‌झजवळ वेगळा उठाव असतो. तिथे वाद्यं विरळ आणि आपला कान तिखट. स्वरयंत्र खाली, घसा मागून मोकळा आणि स्वरतंतूंच्या लगेच वरची नळी अरुंद राहिली की तो उठाव येतो.

बिघडतं ते ‘आ’कारात. हार्मोनियमच्या काळी एकचा सा धरला, तर टेनरला तार गंधार-मध्यमापाशी ‘आ’ किंचित ‘ओ’कडे झुकवावा लागतो. उघडाच रेटला तर आवाज फाटतो. सोप्रानोचं, म्हणजे उंच बायकी आवाजाचं, गणित निराळं: अतिउंच स्वरांवर जबडा इतका उघडतो की ‘ई’ आणि ‘आ’ सारखेच वाटतात. शब्द कळले नाहीत तर कानाला दोष देऊ नका.

पडद्यामागे
टाळ्यांची जागा पुच्चिनीनेच ठेवलेली नाही. शेवटच्या स्वराखालून वाद्यवृंद थेट पुढच्या प्रसंगात शिरतो. मैफलीतला ठोस शेवट मागाहून जोडलेला. शेवटच्या ‘विन्चेरो’ (‘मी जिंकेन’) या शब्दातला तो प्रसिद्ध उंच स्वर, म्हणजे काळी एकच्याच पट्टीत तार सप्तकातला कोमल निषाद, स्वरलिपीत जेमतेम पाव मात्रेचा आहे. लांब स्वर त्याखालचा कोमल धैवत. गायक निषादावरच थांबतात, कारण दाद तिथे मिळते.

माझ्या मते आरियाचा जीव त्या स्वरात नाही, त्याच्या जरा आधी आहे. नायक कालाफ विजयाची खात्री बाळगून गातो आणि पडद्यामागून बायका हळू आवाजात म्हणतात: त्याचं नाव कुणालाच कळणार नाही, आम्हाला मात्र मरावं लागणार. कालाफचं नाव सापडेपर्यंत कुणी झोपायचं नाही, नाहीतर मृत्यू, असं राजकन्या तुरांदोतचं फर्मान असतं. सुटी आरिया गाताना हा कोरस पुष्कळदा गाळतात, मग उरतो नुसता पराक्रम.

काळी_चार
आभार! मग कुठलं रेकॉर्डिंग ऐकू?

पडद्यामागे
१९७२ चं, आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी संचालन केलेलं, कालाफच्या भूमिकेत पावारोत्ती. १९९० ची रोमची तीन टेनरांची मैफलही मेहतांचीच, पण ती उघड्यावर, माईक लावून झाली. तिच्यावरून आवाजाच्या पल्ल्याचा अंदाज घेऊ नका. आणि थेट आरियावर उडी नको, तिसरा अंक पहिल्यापासून लावा. दवंडीवाले ‘नेस्सुन दोर्मा’ पुकारतात, लोक तेच शब्द घोळवतात आणि कालाफ ते त्यांच्याच तोंडून उचलतो.