तळ्याकाठी कुत्रा न्यावा का? (पाषाण तलावाच्या निमित्ताने)

बांधावरचा (धागाकर्ता)
पुण्याचा पाषाण तलाव रामनदी अडवून झालेला. अभयारण्य नव्हे, त्यामुळे नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला लागू होणारी वन्यजीव कायद्याची (१९७२) प्रवेश-परवान्याची कलमं इथे येत नाहीत. माझं मत: पट्ट्यातल्या कुत्र्याला बांधावर येऊ द्यावं. पण पट्टा दीड-दोन मीटरचा, साधा. चकरीतून लांबत जाणारा नको. पाच मीटर दोरी सुटल्यावर कळ दाबेपर्यंत स्वारी पाणकणसात (काठच्या उंच गवतात) शिरलेली असते. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. शी उचलायला दोन पिशव्या, कारण पहिली फाटते. पाणी घरून न्यायचं, २५ किलोच्या कुत्र्याला तासाभराला अर्धा लिटर. उन्हाळ्यात नऊच्या आत परत. तळ्यात उतरवणं बंद.

टिटवीपक्ष
साफ असहमत. पट्ट्याने कुत्रा आवरतो, त्याला बघून होणारी पक्ष्याची पळापळ आवरत नाही. सिडनीजवळच्या रानवाटांवर झालेला अभ्यास २००७ साली छापून आला. कुत्री पट्ट्यातच होती, तरी पक्ष्यांच्या जाती ३५ टक्के आणि संख्या ४१ टक्के कमी दिसली. सर्वांत जास्त फटका जमिनीवर वावरणाऱ्यांना.

आता टिटवी घ्या. मार्च ते ऑगस्ट विणीचा काळ. मुरमात नुसता खळगा, त्यात चार ठिपकेदार अंडी, जवळजवळ चार आठवडे उबवणं. मे महिन्यात उबवण्यापेक्षा गार ठेवणंच मोठं काम. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. कुत्रा दिसला की उठून आरडाओरडा सुरू, तेवढा वेळ अंडी तापलेल्या मुरमावर उघडी. दर दहा मिनिटांनी नवा कुत्रा आला तर आतला जीव भाजतो. अंडं फुटत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही.

साडेसहाची फेरी
सिडनीचं रान कुठे आणि पाषाणचा बांध कुठे! इथे पहाटेपासून माणसांची वर्दळ. इथले पक्षी सरावलेत.

टिटवीपक्ष
त्याच अभ्यासात नेहमी कुत्री फिरवली जाणाऱ्या वाटाही तपासल्या होत्या. तिथेही परिणाम तितकाच. आणि नुसती माणसं फिरली तेव्हा घट कुत्र्यांच्या तुलनेत बहुधा निम्म्याहूनही कमी. सरावतात ते कावळे आणि साळुंक्या.

हिरवं पाणी
शी उचलण्याबद्दल भर. बेल्जियममधल्या घेंटजवळच्या चार राखीव रानांचा हिशेब २०२२ मध्ये आला: हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र (नायट्रोजन) आणि ५ किलो स्फुरद (फॉस्फरस) निव्वळ कुत्र्यांचं. हेच खत जलपर्णीला हवं असतं. पिशवीने स्फुरद बरंचसं आटोक्यात येतं, नत्र मात्र लघवीतूनही जातं.

साडेसहाची फेरी
जलपर्णी कुत्र्यांमुळे? अहो, रामनदीतून सांडपाणी येतंय ते आधी बघा. त्यापुढे कुत्र्यांचा वाटा चिमूटभर.

हिरवं पाणी
सांडपाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच कुत्र्याच्या जिवाचंही बोलतो. सांडपाणी, ऊन आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की निळं-हिरवं शेवाळ धरतं. हिरवा रंग सांडल्यासारखा थर, वाऱ्याने एका काठाला जमलेला. कुत्रा ते पितो किंवा भिजून अंग चाटतो. अर्ध्या तासापासून काही तासांत लाळ, उलटी, झोकांड्या. उतारा नाही. चाटू न देता लगेच नळाच्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) वेगळाच. उंदराच्या मुतातून येतो आणि पंजाच्या चिरेतून शिरतो. लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा, मग दरवर्षी. तरी लसीत असलेल्या प्रकारांपुरतीच ती चालते.

गोचिडासाठी मानेवर टाकायचे थेंब (फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड) किड्यांचं विष आहेत. पाकिटावर ‘दोन दिवस पाणी नको’ असतं, पण नंतरही अंग भिजलं की थोडंथोडं सुटत राहतं. इंग्लंडच्या नद्यांत ही दोन्ही सापडलीत. चतुराच्या अळ्या पाण्यातच वाढतात, आणि त्यांच्यावर किती पक्षी जगतात ते टिटवीपक्ष सांगतील.

बिनपट्ट्याचे
पट्ट्यातल्या कुत्र्यावर एवढे प्रतिसाद आणि मोकाट टोळीवर एकही नाही! काठावर पोळ्या आणि शिळा भात टाकणारे बंद करा आधी. टोळी तिथे अन्नाला येते आणि अंडी-पिल्लं वरखर्चात जातात.

टिटवीपक्ष
हे मान्य. पण ‘आधी ते, मग हे’ म्हटलं की दोन्ही राहतात.

बांधावरचा
मग माझ्या अटीत बदल: मार्च ते ऑगस्ट फक्त बांधाची पक्की वाट, काठचा मुरूम आणि पाणकणीस पूर्ण बंद. टिटवी ओरडून डोक्यावर घिरट्या घालू लागली की थांबून बघायचं नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं.

टिटवीपक्ष
आणि घरटं बांधालगतच निघालं तर?

बांधावरचा
तर पिल्लं निघून जाईपर्यंत तेवढा भाग कुत्र्यांना बंद. दोन्ही बाजूंना दोरी आणि पाटी. पाटी घरट्यापासून लांब लावा, नाहीतर फोटोवाल्यांना पत्ता मिळतो.